पंधराजणींची कॅसेट

मी एक कॅसेट बोलतेय. साठ मिनिटांची, एका बाजूला तीस. माझ्या बरोबरीच्या बहुतेकींच्या नशिबी गाणी आली. त्या चहाच्या टपरीवर वाजून वाजून झिजल्या. माझ्या नशिबी एका म्हातारीचा आवाज आला.

मला विकत घेतलं ते गावच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंनी. गावाचा इतिहास जमवायचं त्यांना वेडच होतं. जुनी पत्रं, नगरपालिकेची रजिस्टरं, लोकांच्या ट्रंकेतले फोटो, मिळेल ते पिशवीत घालून आणायच्या. "बाई आल्या, रद्दी लपवा," असं लोक थट्टेनं म्हणत.

मला घेतलं त्याच्या चाळीस वर्षं आधी गावातल्या काड्यापेटीच्या कारखान्याला आग लागली होती. सरकारी अहवालात मेलेल्या बायका नऊ. पण बाईंकडे आगीच्या आदल्या महिन्यातला एक फोटो होता. त्यात पॅकिंगच्या खोलीतल्या सोळाजणी. मग बाकीच्या सात कुठे गेल्या? हुडकता हुडकता त्यातली एकच जिवंत सापडली. गाव तिला डबीवाली आजी म्हणायचं.

एका दुपारी बाईंनी टेपरेकॉर्डर आजीच्या ओट्यावर ठेवला, मला आत सरकवलं आणि लाल बटण दाबलं. फोटो आजीच्या मांडीवर होता.

"ही माझी जाऊ," आजी बोट ठेवत म्हणाली. "हिच्या शेजारी चकणी. नकला करायची मेली! साहेबाची चाल अश्शी करून दाखवायची की पोट दुखायचं. ही लांब वेणीवाली. ही मागची, हिला पाचवा महिना होता. रोजंदारीवर होती, हजेरीपटावर नावच नाही. मग मेली तरी मोजणार कोण?"

एकेक करत तिनं पंधराजणी सांगितल्या. नऊ पटावरच्या, सहा रोजंदारीवरच्या.  मग माझी फीत नुसतीच फिरत राहिली.

"बाहेरून कडी मी लावली होती," आजी म्हणाली.

बाईंनी यंत्र चालूच ठेवलं.

"साहेबानं सांगितलेलं. बायका सारख्या बाहेर जातात, काम बुडतं म्हणून. रोज लावायचे. त्या दिवशी लावली नि लेबलं आणायला गोदामात गेले. परत येते तर धूर. कडी लालबुंद झालेली. मी हात लावला गं. लावला मी."

तिनं तळहात उघडून दाखवला. माझ्यावर उमटला तो फक्त बाईंचा हुंदका.

"हे मी गेल्यावर ऐकवा," आजी म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत नको."

घरी येताच बाईंनी माझे दोन्ही कान मोडले. घाबरू नका. पाठीवरचे ते प्लास्टिकचे दोन तुकडे मोडले, की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही.

दोन वर्षांनी आजी गेली. बाई मला घेऊन वाचनालयाच्या अध्यक्षांकडे गेल्या. ते कारखान्याच्या मालकांचे जावई.

"कशाला जुनी मढी उकरता?" ते म्हणाले. "त्या परत येणार आहेत का?"

मी वाचनालयातल्या त्यांच्या कपाटात बंद झाले. किल्ली त्यांच्या खिशात. फोटो मात्र भिंतीवर लागला आणि खाली पाटी आली, 'आमच्या कारखान्यातील आनंदी महिला कामगार'. बाईंनी ती पाटी तीनदा काढली. तिसऱ्या वेळी वाचनालयानं बाईंनाच काढलं. त्या वारल्या तेव्हाही मी कपाटातच होते, ओलीनं बुरशी धरत.

पुढे अध्यक्षही गेले. वाचनालय नव्या इमारतीत हलवताना कपाट फोडलं. तिथल्या कारकुनानं मला हलक्या हातानं पुसलं आणि पाकिटावरचं नाव वाचून आजीच्या नातीला बोलावलं. ती नर्स, ड्यूटीवरून तशीच आलेली.

"मी चार वर्षांची होते ती गेली तेव्हा," ती म्हणाली. "तिचा आवाजसुद्धा आठवत नाही हो."

आवाज सुरू झाला तशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चकणीच्या नकलेला ती खळखळून हसली. मग कडीचं आलं.

कारकुनानं यंत्र थांबवलं. "ताई, संगणकावर घेताना तेवढा भाग वगळता येईल," तो हळूच म्हणाला. "कोणाला कळणारही नाही."

"आई सांगायची, आजी घरात कुठल्याच दाराला कडी लावू द्यायची नाही. एकदा चोरी झाली, तरी नाही. घरातले सगळे हसायचे तिला." तिनं डोळे पुसले. "सगळं ठेवा. तिनं कडी लावली ते ठेवा, आणि कोणी लावायला लावली तेही."

मला पुन्हा पहिल्यापासून लावलं. मी शेवटपर्यंत वाजले. मागे गुंडाळताना माझी फीत तुटली. आता मी खोक्यात पडून आहे. आवाज संगणकात गेला. तो ऐकायला वाचनालयात खिडकीजवळ एक टेबल ठेवलंय. पाच महिने झाले, अजून कोणी फिरकलं नाही.

या कधीतरी. सोमवार सोडून रोज उघडं असतं. सगळं ऐकायला तेवीस मिनिटं लागतात.