तीनच्या आधी

भिंतीवरचा जो आठ फुटी चेहरा लोक मान वर करून बघत होते, तो मी नव्हे. मी त्याच्या खाली होतो, काचेच्या पेटीत. तळहातात मावेल एवढा, काळापांढरा, एक कोपरा दुमडलेला. मी एक फोटो आहे, आणि तो आठ फुटी माझाच फोटो आहे. फोटोचा फोटो. ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण माझं सगळं आयुष्य याच एका घोळात गेलं. तेव्हा पहिल्यापासूनच सांगतो.

माझा जन्म एका फोटोच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत झाला. लाल दिवा, तीन पसरट तबकं आणि नाकात बसणारा औषधांचा आंबूस वास. दुकानाचा मालक म्हणजे फोटोवाला. ओळखपत्रांचे आणि अर्जांचे फोटो काढण्यात त्याची हयात गेली. मोठ्या दिव्यासमोर लोकांच्या पापण्या लवायच्या आणि फिल्म वाया जायची, म्हणून त्याने स्वतःची एक युक्ती काढली होती. तो प्रत्येकाला आधी डोळे मिटायला सांगायचा आणि मग मोजायचा. तीन म्हटलं की डोळे उघडायचे. नुकत्याच उघडलेल्या डोळ्यांना पुन्हा लवायला उसंत मिळायच्या आत तो खटका दाबायचा. अशी हजारो माणसं त्याने तीनवर पकडली.

एका दुपारी एक तरुण बाई धावतपळत आली. इस्पितळाच्या लाँड्रीत तिला नुकतीच नोकरी लागली होती आणि ओळखपत्राला फोटो हवा होता.

"लवकर काढा हो, माझी बस आहे."

"बसा. डोळे मिटा. तीनला उघडायचे."

"आणि चारला?"

"चारला घरी जायचं."

तिला हसू फुटलं. ओळखपत्रात हसलेलं चालत नाही हे तिला माहीत होतं, म्हणून तिने ओठ घट्ट मिटून ते आतल्या आत दाबलं. डोळे मिटलेलेच होते. फोटोवाला म्हणाला, "एक... दोन..." आणि खटका वाजला.

"अहो, तीन कुठंय?" तिने डोळे उघडून विचारलं.

"चुकलं," फोटोवाला म्हणाला. "परत काढू."

दुसऱ्यांदा सगळं रीतसर झालं. डोळे टक्क उघडे, पण तोवर बस चुकल्याची आठी कपाळावर चढली होती. ओळखपत्रावर तीच आठी चिकटली.

पहिला फोटो वाया गेला होता. वाया गेलेल्या फोटोची प्रत कुणी काढतं का? कागद फुकट येत नाही, आणि त्या चेहऱ्याला गिऱ्हाईकही नव्हतं. तरीही दुकान बंद करायच्या आधी फोटोवाला मागच्या खोलीत गेला आणि त्याने माझी एक, एकच प्रत काढली. तबकात माझा चेहरा हळूहळू उमटत असताना तो वाकून बघत राहिला. मी वाळल्यावर त्याने माझ्या पाठीवर पेन्सिलीने पावतीचा आकडा आणि एक शब्द लिहिला, '३१७. दोनला.' आणि मला एका बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिलं.

त्या डब्यात मी एकतीस वर्षं काढली. अधूनमधून दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो झाकण उघडायचा, मला हातात घ्यायचा, जरा वेळ बघायचा आणि परत ठेवायचा. बोलला कधीच नाही. त्याचा हात चुकून पडला होता की चेहरा बघून त्याला राहवलं नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारायला मला तोंड आहे, पण ते तिचं आहे आणि मिटलेलं आहे.

फोटोवाला गेला. त्याच्या मुलाला दुकानाची जागा रिकामी करायची होती. फिल्मची भेंडोळी, दिवे, तबकं, सगळं भंगारात गेलं आणि डबाही गेला. मुलाला दोष देत नाही. बापाने त्याला कधी डबा उघडून दाखवला नव्हता.

भंगारवाल्याकडे मी जुन्या कुलपांच्या शेजारी पडून होतो. लोक डबा उचलायचे, आत फोटो बघून परत टाकायचे. दुसऱ्यांच्या आठवणी घरी नेऊन कोण काय करणार? एकदा मात्र एका माणसाने मला उचललं आणि तो तिथेच, भर उन्हात, थबकला. तो कलावंत होता.

"हा कुणाचा?" त्याने विचारलं.

"आता तुमचा," भंगारवाला म्हणाला.

कलावंताने मला काचेच्या टेबलावर निजवलं, दोन्ही बाजूंनी दिवे लावले आणि माझा फोटो काढला. मग तो भिंतीएवढा केला. माझ्यात त्याने काडीचाही बदल केला नाही आणि याचाच त्याला अभिमान होता. त्याला शिकवलेले एक म्हातारे सर कामाच्या खोलीत आले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "लेका, यात तुझं काय?"

"निवड, सर. हजार फोटोंतून मला हा दिसला. काढणाऱ्याने तर टाकून दिला होता."

टाकून दिला होता! मी टेबलावर पडल्या पडल्या कळवळलो. एकतीस वर्षं जपण्याला टाकणं म्हणतात काय? त्याने माझी पाठ वाचली होती, पण 'दोनला' हा त्याला दुकानदाराचा भाव वाटला.

तरी खोटं कशाला बोलू? भिंतीवरचा तो सुंदर होता. माझ्यात जे ठिपके होते त्यांची तिथे वाळू झाली होती, आणि त्या वाळूतून तो चेहरा वर येत होता. त्याच्यासमोर आलेली माणसं बोलता बोलता गप्प व्हायची. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढून हातात घेतली. माझ्यासमोर कुणी कधी टोपी काढली नाही. मला त्याचा हेवा वाटायचा आणि दुसऱ्याच क्षणी वाटायचं, अरे, ते सगळं माझंच तर आहे. मग लगेच वाटायचं, माझं तरी कुठे? ते तिचं आहे. खटका फोटोवाल्याचा, चेहरा तिचा, भिंत कलावंताची. माझं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, माझी पाठ. त्या आठ फुटीला पाठ नव्हती.

प्रदर्शनात मोठ्याचं नाव ठेवलं, 'नकार'. खाली लिहिलं होतं की ही स्त्री कॅमेऱ्याला आपली नजर देत नाही, तिच्या ओठांवर निग्रह आहे. माझ्या पेटीवर चिठ्ठी होती, 'मूळ साहित्य. छायाचित्रकार अज्ञात, स्त्री अज्ञात.' लोक वाकायचे, चिठ्ठी वाचायचे आणि मान वर करायचे. माझ्यापर्यंत नजर पोचायच्या आत ती वर निघून जायची. एवढ्या गर्दीत असं एकटं मी डब्यातसुद्धा कधी नव्हतो.

पहिल्याच आठवड्यात एका मोठ्या संग्राहकाने 'नकार' विकत घेतलं, मूळ साहित्यासकट. म्हणजे मीही विकला गेलो, पण शेपटीसारखा.

आणि मग ती आली. अंगावर खाकी, खांद्याला तिकिटांची पिशवी. बसची कंडक्टर. दारातल्या माणसाने तिला हटकलं, "बाई, काय काम?"

"आईला भेटायचंय," ती म्हणाली.

प्रदर्शनाच्या जाहिराती बसथांब्यांवर लागल्या होत्या, प्रत्येकीवर तोच चेहरा. तिने कलावंताला सगळं धडाधड सांगितलं. "पहिल्या दिवशी मी घंटीच द्यायची विसरले. गाडी थांब्यावर उभी आणि समोर आई. मागून एक आजोबा ओरडले, कंडक्टरबाई, झोप लागली का? दोन आठवडे हेच चाललंय. प्रत्येक फेरीला अकरा थांबे, अकरा वेळा आई. जाऊन चार वर्षं झाली हो तिला."

कलावंत गोंधळला. "तुमची खात्री आहे? चेहरे सारखे असतात."

तिने पिशवीतून एक ओळखपत्र काढलं. टक्क डोळे, कपाळावर आठी. "घरी एवढा एकच फोटो आहे. आल्यागेल्याला वाटतं बाई भांडखोर होती. आई अशी नव्हती. कामावरून आली की खुर्चीत बसायची, डोळे मिटून, आणि मी काहीतरी बरळले की हसू अस्सं दाबायची." तिने वर बोट केलं, मग खाली वाकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी वरून खाली आलं होतं. "हा छोटा उलटा करता का जरा? मागे काही लिहिलंय का बघते."

कलावंताने पेटी उघडली आणि मला पालथं केलं.

'३१७. दोनला.'

ती एवढ्या मोठ्यांदा हसली की दालनातले लोक वळून बघायला लागले. मग तिने पिशवीच्या पट्ट्याने डोळे पुसले. "फोटोवाल्याने दोनलाच दाबलं आणि माझी बस चुकली, ही गोष्ट आईने मला हजारदा सांगितली असेल. आमच्या घरात कुणी घाई केली की आम्ही म्हणतो, दोनला दाबू नकोस. दूध उकळायच्या आधीच कुणी गॅस बंद केला, दोनला दाबलंस. मी या नोकरीला लागले तेव्हा आई म्हणाली, आता कुणाची बस चुकू देऊ नकोस, बाई." मग ती सरळ उभी राहिली. "आणि साहेब, तुम्ही नकार काय लिहिलंय? माझी आई तीनची वाट बघत होती."

कलावंताने मला सुलटं करून परत पेटीत ठेवलं. वाईट माणूस नव्हता तो. "मी उचलला नसता तर हा कचऱ्यात गेला असता," तो हळूच म्हणाला.

"ते खरंय. तुमचे उपकारच आहेत. पण आता द्या."

"विकला गेलाय. दोन्ही मिळून एकच कलाकृती आहे. मी तुम्हाला मोठी प्रत देतो ना, म्हणाल तेवढी मोठी."

"आमच्या घरात एवढी भिंत नाही, आणि आईला एवढं मोठं असायची सवय नाही."

"मग निदान तिचं नाव लावू का चिठ्ठीवर?"

"नाव नको. तिला कुठे विचारलंय? फक्त ते अज्ञात काढा. ती आम्हाला माहीत होती."

ती गेली. तिची ड्यूटी सुरू व्हायची होती.

त्यानंतर कलावंताने जे केलं ते त्याने मनापासून केलं, म्हणूनच ते मला जास्त लागलं. 'अज्ञात' काढलं. 'नकार' काढलं. मोठ्याचं नवं नाव ठेवलं, 'दोनला'. आणि मला पेटीत पालथं निजवलं, म्हणजे लोकांना माझी पाठ वाचता यावी. चिठ्ठीवर फोटोवाल्याची, आईची, चुकलेल्या बसची हकिकत लिहिली. आता लोक खरोखर वाकायला लागले. वाचायचे, हळहळायचे, म्हणायचे, "वा, काय कल्पना आहे!" मला त्यांचे आवाज तेवढे ऐकू यायचे. माझा चेहरा मखमलीत गाडलेला होता.

शेवटच्या दिवशी ती पुन्हा आली. तिने चिठ्ठी शेवटपर्यंत पुटपुटत वाचली.

"हेही घेतलंत?" ती म्हणाली.

"मला वाटलं तुम्हाला आवडेल," कलावंत म्हणाला. "सगळं खरं तेच लिहिलंय."

"खरंच आहे. पण ते आमच्या घरातलं बोलणं होतं. आता इथे येणारा प्रत्येकजण घरी जाऊन ते म्हणेल."

कलावंत म्हणाला, "मी संग्राहकांना विचारलं होतं. छोटा काढून घेतला तर सौदा मोडेल म्हणाले." मग तो पुटपुटला, "मोडू द्यायला हवा होता." पण मोडू दिला नव्हता.

माल बांधणारे आले होते. आठ फुटी आधीच खाली उतरवून कापडात गुंडाळला होता. बांधणाऱ्याने पेटी उघडून मला बाहेर काढलं, तेव्हा ती म्हणाली, "दादा, एक मिनिट हातात देता?"

त्याने कलावंताकडे बघितलं. कलावंताने मान हलवली.

तिने मला सुलटं केलं. तिचे अंगठे तिकिटं फाडून खरखरीत झाले होते. फोटोवाल्यानंतर एवढ्या जवळून मला कुणी बघितलं नव्हतं. तिने माझा दुमडलेला कोपरा सरळ केला आणि अगदी हळू म्हणाली, "एक..."

मग म्हणाली, "दोन..."

आणि थांबली.

"झालं का, बाई?" बांधणाऱ्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "उरलेलं घरी." आणि मला त्याच्या हातात देऊन, मागे न बघता, निघून गेली.

आता मी एका लाकडी खोक्यात आहे, त्या मोठ्याच्या पायाशी, कोरड्या थंड गोदामात. संग्राहक अजून एकदाही आलेला नाही. वर्ष झालं असेल, दोन झाली असतील, इथे दिवस मोजायला खिडकी नाही. मोठ्याची किंमत वाढतेय असं रखवालदार एकमेकांना सांगत असतात. वाढो. मला तुमच्याकडून टोपी काढून घ्यायची नाही, की अस्सल कोण आणि नक्कल कोण याचा निवाडाही नको आहे. पण कधी असा जुना फोटो तुमच्या हाती आला, तर भिंतीचं माप घेण्याआधी तो एकदा उलटा करा. त्याच्या घरचं कुणी आहे का, विचारा.

आणि माझ्या घरचं कुणी तुम्हाला भेटलं, अकरा थांब्यांच्या एखाद्या बसमध्ये, तर तिला सांगा, आईचे डोळे अजून मिटलेले आहेत. हसू अजून ओठांत धरलेलं आहे. आम्ही दोघं तिच्या तीनची वाट बघतोय.