इमारतीला क्लॅरिनेटवाला हवा

चष्मेवाला ऑडिशनहून घरी आला तो थेट स्टुलावर चढला आणि क्लॅरिनेटची पेटी त्याने माळ्यावर, बंद पडलेल्या पंख्याच्या मागे ढकलून दिली. खाली उतरून हात झटकले आणि आईला म्हणाला, "संपलं एकदाचं. चहा टाक."

आईने चहा टाकला. काय झालं ते विचारलं नाही, पोराचं तोंड बघून विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शहराच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेटची एक जागा निघाली होती. अशी जागा निघायची वाट बघण्यात चष्मेवाल्याची निम्मी जवानी गेली होती. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, आणि संध्याकाळी घरी येऊन खिडकीशी उभं राहून सराव करायचा, हेच त्याचं आयुष्य. ऑडिशन पडद्याआडून होती. वाजवणाऱ्याचं तोंड दिसू नये, कुणाचा वशिला चालू नये, म्हणून. चष्मेवाल्याचा वशिला कुठेच नव्हता, तेव्हा त्याला त्या पडद्याचा मोठाच आधार वाटला. अर्धी धून त्याने झकास वाजवली. मग ती जागा आली, खालच्या स्वरांवरून एकदम वर उडी घ्यायची, आणि तिथे क्लॅरिनेट चिरकलं. घरीही ते रोज तिथेच चिरकायचं. परक्या ठिकाणी तरी लाज राखेल, अशी याची भाबडी समजूत होती. "धन्यवाद. पुढचे," असं पडद्यामागून कुणीतरी अतिशय गोड आवाजात म्हणालं, आणि तो गोडवाच त्याला जास्त लागला.

दुकानाच्या मालकाने आपल्या परीने समजूत काढली. "हे बघ, डोळे शाबूत आहेत ना? मग झालं तर." मालक कुठल्याही दुःखावर हेच औषध द्यायचा. सासरे वारले तेव्हा त्याने सासूबाईंनाही हेच सांगितलं होतं आणि तेव्हापासून त्या त्याच्याशी बोलत नव्हत्या.

संध्याकाळी आता करायचं काय, हा खरा प्रश्न होता. चष्मेवाल्याने घरातली विजेची सगळी बटणं पुसून काढली. चपला रंगाप्रमाणे लावल्या. आईच्या मसाल्याच्या डब्यांवर आत काय आहे ते लिहिलं, आणि आईने गेली कित्येक वर्षं डबे भलत्याच क्रमाने ठेवल्याचं तिला ऐकवलं. आईने हात जोडले. "बाबा रे, तू रडून घे. पण माझ्या डब्यांना हात लावू नकोस."

तो रडला नाही. खिडकीशी मात्र जाईना.

इकडे इमारतीचं तंत्र बिघडलं. पहिल्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. क्लॅरिनेट चिरकलं की खुर्चीतला पेशंट दचकायचा, आ वासायचा, आणि नेमकी तीच संधी साधून बाई दात उपटायच्या. आता पेशंट सावधपणे तोंड मिटून बसू लागले. तळमजल्यावरचा शिंपी तो चिरका सूर ऐकला की मशीन बंद करून घरी जायचा. आता त्याला थांबायचं कधी तेच कळेना. शिवता शिवता त्याने एका गिऱ्हाइकाच्या पँटला तिसरा पाय लावला आणि वर त्याची शिलाईही मागितली. इमारतीच्या चेअरमनची कथा आणखी नाजूक होती. ते आणि त्यांची बायको सरावाच्या आवाजात मनसोक्त भांडून घेत, बाहेर कुणाला पत्ता लागत नसे. आता शांततेत त्यांना कुजबुजत भांडावं लागे, आणि कुजबुजत सुरू केलेलं भांडण काही केल्या मिटत नाही.

शेवटी तिघांचं शिष्टमंडळ वर आलं. "सराव बंद का?" चेअरमननी विचारलं.

"मी नापास झालोय," चष्मेवाला म्हणाला. "मी आता वाजवत नाही."

"म्हणजे हा तुमचा राजीनामा समजायचा?"

चष्मेवाल्याला चेव चढला. "समजा."

चेअरमननी उठून त्याच्याशी हात मिळवला, इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानले आणि राजीनामा मंजूर केला. डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. आपण कुठल्या नोकरीत होतो हे चष्मेवाल्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ती गेल्याचंही.

दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली: रोज संध्याकाळी सराव करण्यासाठी क्लॅरिनेटवाला पाहिजे, निवड पडद्याआडून होईल. मोठ्या वाद्यवृंदात पडदा असतो ना, मग आपण काय कमी आहोत? कपडे वाळत घालायच्या दोरीवर चेअरमनच्या घरची फुलाफुलांची चादर टांगली गेली. एका बाजूला उमेदवाराची खुर्ची, दुसऱ्या बाजूला चार परीक्षक: चेअरमन, डॉक्टरीणबाई, शिंपी, आणि सर्वांत जास्त वर्षं ऐकलंय म्हणून चष्मेवाल्याची आई.

"तू जाणार आहेस तिथे?" चष्मेवाल्याने विचारलं.

"बोलावलंय तर गेलं पाहिजे. आणि बसायला गादीची खुर्ची देणार आहेत," आई म्हणाली.

उमेदवार बरेच आले. शाळेतले एक संगीत शिक्षक आले, त्यांनी इतकं रटाळ वाजवलं की शिंपी खुर्चीतच पेंगला. एक गृहस्थ नुसतीच बासरी घेऊन आले आणि क्लॅरिनेट आठवडाभरात शिकून घेतो म्हणाले. एकाने तर तोंडानेच आवाज काढला. प्रत्येकाला त्या जागी चिरकायला सांगत, आणि प्रत्येक जण भलतंच काहीतरी करी. चष्मेवाला वर खिडकीच्या पडद्यामागे उभा राहून सगळं ऐकत होता आणि त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता. आपली चूक ही माणसं धड करूसुद्धा शकत नाहीत. आणि त्यांच्यातलाच कुणीतरी उद्यापासून आपल्या खिडकीखाली उभा राहणार.

त्याने माळ्यावरून पेटी काढली. दुकानात डोळे तपासायची अंधारी खोली होती, तिथे जेवणाच्या सुट्टीत त्याने दार लावून घेतलं आणि समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत ती एकच उडी घोटली. पुन्हा पुन्हा. ओठ सोलवटले. भुकेने पोटात कावळे कोकलू लागले. एके दुपारी ती उडी साधली. मग दुसऱ्या दिवशीही साधली. मालकाने दार ठोठावून विचारलं, "डोळे ठीक आहेत ना रे?"

"अगदी ठीक," तो आतून म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याला खरोखर बरं वाटत होतं. एकदा, फक्त एकदा कुणीतरी पडद्यामागून "निवड झाली" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. मग ते चादरीमागून का असेना.

निवडीच्या शेवटच्या दिवशी तो चोरपावलांनी खाली उतरला आणि चादरीआड खुर्चीवर बसला. चादर आखूड होती, गुडघ्याखालचे पाय उघडेच होते, पण नियम म्हणजे नियम, चौघांनीही पायांकडे न बघण्याचा आव आणला. परीक्षकांच्या मागून ऊन येत होतं, त्यामुळे त्यांच्या सावल्या फुलांवर पडल्या होत्या. आईची सावली त्याने लगेच ओळखली. ती ताठ बसली होती.

त्याने वाजवलं. ती जागा आली, त्याने श्वास धरला, उडी घेतली आणि स्वच्छ, गोल सूर वर जाऊन पोचला. धून संपली. कुठे म्हणून खोट नव्हती. चष्मेवाल्याने क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं.

"या उमेदवाराला घ्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," चेअरमनचा आवाज आला.

डॉक्टरीणबाईंच्या सावलीचा हात अर्धवट उठला आणि बाजूच्या सावलीकडे बघून खाली गेला. शिंप्याचा उठलाच नाही. चष्मेवाला एकाच सावलीकडे बघत होता. आईचे दोन्ही हात मांडीवर होते.

"वाजवलंत उत्तम," चेअरमन म्हणाले. "पण आम्हाला हवं होतं ते हे नाही. धन्यवाद. पुढचे."

पुढचं कुणी नव्हतंच.

आई वर आली तेव्हा तो अंधार व्हायच्या आधीच दिवा लावून बसला होता. पेटी पायाशी उघडी पडली होती.

"मी होतो तो," तो म्हणाला.

"माहितेय. मोजे मी रफू केलेत. ओळखणार नाही होय?"

"तरी नाही म्हणालीस? स्वतःच्या मुलाला?"

"ऐकून ठरवायचं होतं," आई खुर्चीवर टेकत म्हणाली. "बघून ठरवायचं असतं तर चादर कशाला लावली?"

"मग ऐकून काय ठरलं?"

आईने जरा विचार केला. तिला खोटं बोलता येत नसे, हा तिचा जुना दोष. "कुणीतरी परका माणूस वाटला. भेदरलेला. चुकू नये म्हणून श्वास कोंडून वाजवत होता. वाजवलं चांगलंच, त्याबद्दल वाद नाही. पण अशा माणसाला रोज संध्याकाळी घरात कोण ठेवून घेईल?"

चष्मेवाल्याला रडूही आलं आणि हसूही, आणि दोघांनी एकमेकांची वाट अडवली. "तिकडे चुकलो म्हणून हाकललं," तो म्हणाला, "इकडे चुकलो नाही म्हणून. माणसाने जायचं तरी कुठे?"

"घरी यायचं," आई म्हणाली. "आलास की."

तो उठला. रागारागाने क्लॅरिनेट उचललं, खिडकीशी गेला आणि वाजवू लागला, कुणाला काही दाखवायला नव्हे, नुसती आतली वाफ काढायला. वाद्यवृंदावर राग काढला, चादरीवर काढला, डोळे शाबूत असण्यावरही काढला. ती अवघड जागा केव्हा आली आणि केव्हा गेली, त्याला कळलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने राग संपला, पण धून संपली नव्हती म्हणून तो वाजवत राहिला.

खाली चेअरमन चादरीची घडी घालत होते. त्यांनी मान वर केली. "वर कोण वाजवतंय?" त्यांनी ओरडून विचारलं. "जागा अजून भरलेली नाही. अर्ज करायला सांगा."

आई खिडकीत आली. "तो जागेसाठी वाजवत नाहीये," ती म्हणाली.

"मग कशासाठी वाजवतोय?"

आईने वळून मुलाकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते, गाल फुगले होते, आणि त्या दोघांचं बोलणं त्याच्या गावीही नव्हतं.

"संध्याकाळ झाली म्हणून," तिने खाली सांगितलं, आणि खिडकीची दोन्ही दारं उघडी टाकून ती स्वयंपाकघरात गेली.