मागच्या सीटवरून

"खड्डा."

दुकानातल्या व्यायामाच्या सायकलीचा लोकरीचा नमदा चाकावर घासत राहिला की करपल्यासारखा वास येतो.

ओरिआनोचा चष्मा घरी राहिला. परवा दोघं बँकेत गेले होते तेव्हाही घरीच राहिला होता.

गुरुवारी बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही, असं तो म्हणाला, म्हणून दोघं बसने आले. दुकान बाजारापासून लांब, हमरस्त्यावर. समोरचं पटांगण रिकामं.

घराच्या तळघरात दोन सीटांची सायकल, वर जुनी चादर. शनिवारी इमोलाहून एक जोडपं ती बघायला येणार.

त्या सायकलवरचा नियम: सांगितल्याशिवाय पाय थांबवायचे नाहीत.

नीवेस पेडल मारत होती. पांढरी काठी तिने यंत्राच्या हँडलला अडकवली होती. तिचा कोट तिच्या नवऱ्याच्या, ओरिआनोच्या हातात होता. दुकानातली बाई, सामुएला, शेजारी उभी राहून यंत्राचे गुण सांगत होती. चाक वजनदार आहे, व्यायामशाळेत हेच वापरतात, जन्मभर टिकेल.

"मी बासष्टची आहे," नीवेस म्हणाली. "जन्मभराची हमी द्यायला तुम्हाला फार जड जाणार नाही."

सामुएला हसली. "गुडघ्यासाठी घेताय म्हणालात. कुठला दुखतो?"

"उजवा," नीवेस म्हणाली.

"डावा," ओरिआनो त्याच वेळी म्हणाला.

सामुएलाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आलटून पालटून," नीवेस म्हणाली आणि पेडल मारत राहिली.

चाक घरघरत होतं. नमदा घासत होता. ओरिआनो काहीतरी पुटपुटला, ते त्या घरघरीत गेलं. थोड्या वेळाने नीवेसच्या कपाळावर घाम आला. सामुएला म्हणाली, "सिन्योरा, थांबलात तरी चालेल हं."

"त्याने अजून सांगितलं नाही."

"काय सांगितलं नाही?"

आता ओरिआनोच्या लक्षात आलं. "अगं, तू अजून... बरं, बरं. पाय थांबव."

नीवेसने पाय थांबवले. चाक थांबलं नाही. जड चाकाने पेडल पुढे ओढलं, तिचा पाय निसटला आणि दुसऱ्या फेरीत पेडल तिच्या नडगीवर आदळलं.

"आई गं!"

"माझंच चुकलं," सामुएलाने धावत येऊन ब्रेक दाबला. "यात पेडलं चाकाला बांधलेलीच असतात. आधी ब्रेक दाबायचा, मग पाय. सगळ्यांना सांगते, आज कसं विसरले कोण जाणे."

"तुम्ही नाही विसरलात," नीवेस नडगी चोळत म्हणाली. "चूक आमची. आमच्याकडे पुढचा म्हणाला की मागचा थांबतो."

ओरिआनो गुडघ्यावर बसला. "दाखव, रक्त आलं का?" त्याचा हात आधी तिच्या पायाच्या शेजारी, हवेत फिरला, मग घोट्यावर आला.  तिने पाय त्याच्या हाताच्या दिशेला थोडा सरकवला.

तर ती सायकल.

पुढच्या सीटवर ओरिआनो, मागच्यावर नीवेस. दोघांची पेडलं एकाच साखळीला, त्यामुळे एकाने थांबायचं ठरवून काही होत नाही. पुढच्याने बोलायचं. डावीकडे. उजवीकडे. चढ. गीअर. खड्डा. पाय थांबव. मागच्याने ऐकायचं आणि जोर लावायचा. नीवेसची दृष्टी तेविसाव्या वर्षी गेली. त्यानंतर ती इस्पितळाच्या टेलिफोन फळीवर, आलेले फोन जोडून द्यायला, लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. फाएन्झातल्या निम्म्या लोकांना ती आवाजावरून ओळखायची. कोण घाबरलेलं आहे, कोण घाबरलो नाही असं दाखवतंय, हे तिला पहिल्या 'हॅलो'ला कळायचं. ओरिआनो फरशांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर होता. पट्ट्यावरून जाणाऱ्या फरशीतली केसाएवढी भेग बघायची आणि फरशी बाजूला काढायची, हे त्याचं काम.

रविवारी सकाळी चौकातल्या बारपाशी सगळे सायकलवाले जमायचे. कॉफी, चेष्टा, मग ब्रिझिगेल्ला, मग मॉन्तिचीनोचा चढ. चढावर हे दोघं सगळ्यांच्या मागे, उतारावर सगळ्यांच्या पुढे. दोन माणसांचं वजन, दुसरं काय. पण नीवेससाठी तो उतार म्हणजे आठवड्यातली एकच अशी जागा होती जिथे तिला काठीने चाचपत जावं लागायचं नाही. वारा तोंडावर, आणि पुढून आवाज. मागून कुणीतरी दरवेळी ओरडायचं, "ओरिआनो, लेका, ब्रेक लाव! मागे बायको आहे!" आणि ती ओरडायची, "लावलास तर बघ!"

मेमध्ये ओरिआनोने विषय काढला होता. जेवताना, भाकरीवर चीज पसरत. "तुझा गुडघा. रस्ता आता झेपायचा नाही तुला. घरात एक यंत्र घेऊ. ती विकून टाकू."

"माझा गुडघा?"

"चढावर कुरकुरतेस हल्ली."

ती कुरकुरली नव्हती. ती बराच वेळ भाकरी चावत राहिली होती. मग म्हणाली होती, "बरं. पण यंत्र मी निवडणार."

दुसरं यंत्र सामुएलाचं लाडकं होतं. त्याला टेबलाएवढा पडदा होता. "यात रस्ते असतात," ती म्हणाली. "आल्प्स, समुद्रकिनारा, काय हवं ते. पेडल माराल तसा रस्ता पुढे सरकतो." मग नीवेसकडे बघून तिचा चेहरा लाल झाला. "म्हणजे, सिन्योरांना... पण यांना तर दिसेल. तुम्हीही बसालच ना यावर?" तिने बटण दाबलं. "बघा. कसा वाटतो?"

"सुंदर," ओरिआनो म्हणाला. "काय रस्ता आहे!"

पडद्यावर भाषा निवडायची यादी होती. सामुएलाने तोंड उघडलं, मिटलं आणि इटालियनवर बोट ठेवलं. मग संगीत वाजलं, पक्षी ओरडायला लागले, रस्त्यावर चाकं फिरल्याचा आवाज आला.

नीवेसने मान थोडी वळवली होती, फळीवर फोन येताना वळवायची तशी. "नको हे," ती म्हणाली. "पक्षी नकली आहेत. आपल्या रोमान्यातला एकही पक्षी इतका शिस्तीत गात नाही."

"अगं, पण घरबसल्या आल्प्स," ओरिआनो म्हणाला.

"आल्प्सला जाऊन काय करणार, म्हाताऱ्या? तिथे आपल्याला कोण ओळखतं?"

मग प्रश्न तीच विचारायला लागली. आवाज न करणारं कुठलं आहे? म्हणजे अगदी काहीच नाही, शेजारी उभं राहून कुणी बोललं तर ऐकू यायला हवं. पाय थांबवले की थांबणारं? पडदा नसलेलं? ताण कमीजास्त करायची गुंडी असते, ती नुसती गुळगुळीत फिरते की खटके देते?

सामुएला तिला भिंतीकडच्या एका यंत्रापाशी घेऊन गेली. करड्या रंगाचं, साधं, कुणी फारसं न विचारणारं. पट्ट्यावर चालणारं, ताण चुंबकाचा. नीवेसने गुंडी फिरवली. खट, खट, खट. पुन्हा उलटी, खट, खट, खट. तिने बोटांनी हँडल तपासलं, खाली सीटच्या दांड्यापर्यंत आली.

"उंची कशी बदलायची?"

"दांड्यावर आकडे कोरलेत..." सामुएला म्हणाली.

"आकडे नकोत."

"भोकंही आहेत. हा खटका ओढायचा, दांडा वर घ्यायचा, सोडला की भोकात बसतो."

"ओरिआनो, इकडे ये. कर."

"माझं काय? तुझी उंची लाव ना."

"माझी मला येते लावता. तू तुझी लाव."

तो वाकला. त्याने मान तिरकी केली, चेहरा दांड्याजवळ नेला, मग बाजूला नेला, कोंबडी दाणा बघते तसा.

"बघू नकोस," नीवेस हळू म्हणाली. "बोट घाल. खालून भोकं मोज."

"का?"

"वीज जाते कधीकधी."

सामुएलाने मध्येच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "वीज गेली तरी चालतं हे, याला वायरच नाही."

ओरिआनो वाकलेलाच राहिला. त्याचं बोट दांड्यावर होतं. मग ते एकेका भोकावरून वर सरकत गेलं. त्याने खटका ओढला, दांडा उचलला, सोडला. टक्. तो सरळ उभा राहिला तेव्हा बायकोचा कोट त्याने छातीशी धरला होता.

"बस," ती म्हणाली.

"लोक बघतायत."

"कोण बघतंय?"

"ही बघतेय."

"मी नाही बघत," सामुएला म्हणाली आणि खरंच पाठ फिरवून मांडणीतले हातमोजे नीट लावायला लागली.

ओरिआनोने कोट हँडलवर टाकला आणि चढून बसला. पेडल मारायला लागला. यंत्राचा आवाज येत नव्हता, फक्त त्याच्या बुटाच्या तळव्याचा. नीवेस पुढे येऊन उभी राहिली, यंत्राच्या नाकासमोर, पाठ त्याच्याकडे करून. काठी तिने हातात घेतली नाही.

"रेल्वेचं फाटक," ती म्हणाली. "उघडं आहे. सरळ."

तो पेडल मारत राहिला.

"डावीकडे."

त्याचा खांदा डावीकडे कलला. यंत्र हललं नाही.

"आता सरळ. पीचची बाग. ट्रॅक्टर उभा असतो, आज नाही. गीअर." त्याने गुंडी एक खटका पुढे नेली. "अजून एक. चढ लागतोय. आंजेलोच्या कुत्र्याला शिवी दे."

"भाड्या," ओरिआनो म्हणाला. 

"जोरात दे, तो बहिरा झालाय."

पाठमोऱ्या सामुएलाचे खांदे हलले.

"पूल येतोय," नीवेस म्हणाली. ती क्षणभर थांबली, अगदी थोडी, तिथे पोहोचायला जेवढा वेळ लागतो तेवढी. "खड्डा."

ओरिआनो सीटवरून वर उचलला गेला, हातांवर भार घेऊन, आणि पुन्हा बसला. बरोबर वेळेवर. त्याने डोळे मिटले होते.

"पाय थांबव," ती म्हणाली.

तो थांबला. यंत्रही थांबलं. बराच वेळ तो उतरला नाही. नीवेसने वळून त्याचा हात शोधला नाही, तोंड पुसायला त्याला सवड दिली आणि दुकानातल्या बाईला हाक मारली. "सामुएला, हेच. घरी कधी आणून द्याल?"

"शनिवारी सकाळी?"

"शनिवारी आमच्याकडे पाहुणे आहेत." ती ओरिआनोकडे तोंड करून म्हणाली, "इमोलावाल्यांना फोनवर सांगून ठेव, मागची सीट माझ्या मापाची आहे. त्या माणसाची बायको उंच असेल तर वर करून घ्या म्हणावं. आणि पुढच्या ब्रेकची तार नवीन आहे, तेही सांग."

"सांगतो."

"यंत्र सोमवारी आलं तरी चालेल. जेवणाच्या खोलीत ठेवू, खिडकीपाशी."

"नीवेस."

"काय?"

तो तिला कोट घालत होता. एक बाही सापडली, दुसरी सापडेना. तिने हात मागे नेऊन स्वतःच बाही शोधली.

"काही नाही," तो म्हणाला. "गुडघा कसा आहे?"

"कुठला?" नीवेस म्हणाली आणि त्याच्या कोपराला धरण्याऐवजी आपलं कोपर पुढे केलं. त्याने ते धरलं. सामुएलाने त्यांच्यासाठी दार उघडलं. "दोन पायऱ्या," नीवेस म्हणाली. तिची काठी पुढे टकटकत गेली आणि ते दोघं रिकाम्या पटांगणातून बस थांब्याकडे निघाले.

एप्रिलात, ब्रिझिगेल्लाच्या पुलापाशी, ओरिआनो 'खड्डा' म्हणाला तेव्हा सायकलची दोन्ही चाकं आधीच खड्ड्यात जाऊन बाहेर आली होती.