डावीकडचा आवाज

"हाही तसाच. डावीकडून कमी येतंय," असे म्हणून मुलीने चौथा हेडफोन काउंटरवर ठेवला.

"बघू, द्या इकडे," कानवाले काका म्हणाले.

दुकानात पंख्यापासून इस्त्रीपर्यंत सगळे मिळायचे, पण हेडफोनचा कोपरा बावीस वर्षे काकांचा होता. म्हणून नाव पडले कानवाले काका. गिऱ्हाईक दारात असतानाच ते ओळखत, याला गाणी ऐकायची आहेत की नुसते मिरवायचे आहे. ही मुलगी सरळ होती. लांब पल्ल्याची धावपटू, तीन महिन्यांवर शर्यत आलेली. घामाने बिघडणार नाही आणि पळताना निसटणार नाही, एवढेच तिचे मागणे. काकांनी कानावर अडकणारा दिला, मानेमागून वायर जाणारा दिला, बारक्या रबरी बोंडांचेही दोन दिले. प्रत्येक वेळी तिने जागच्या जागी उड्या मारून पाहिल्या. एकही निसटला नाही, पण डावी बाजू प्रत्येक वेळी कमीच.

काकांनी आपली जुनी युक्ती काढली. "आता उलटा घाला. डाव्याचं बोंड उजव्या कानात." दोष हेडफोनमध्ये असला, तर तो बाजू बदलतो.

"अजून डावीकडेच कमी," ती म्हणाली.

म्हणजे दोष हेडफोनचा नव्हता.

"कानात मळ असेल हो," गल्ल्यावरून मालक म्हणाला. "द्या त्यांना एखादा चांगल्यातला. घोळ घालत बसू नका."

मळच असू दे, असे काकांनाही मनापासून वाटत होते. त्यांनी खालच्या खणातून गालाच्या हाडावर टेकणारा हेडफोन काढला. तो कानात जातच नाही. रस्त्यावर पळणारे तो घेतात, म्हणजे कान मोकळे राहतात आणि मागची गाडी कळते. शिवाय कानात मळ असला, तर हाडातून येणारा आवाज उलट त्याच बाजूला जास्त भरतो. काकांना हे अनुभवाने माहीत होते.

मुलीने डोळे मिटून ऐकले. "हा बसतो छान. पण सगळं उजवीकडेच वाजतंय."

सहा वर्षांपूर्वी काकांची बायको फोनला हेडफोन लावून ऐकताना अशीच तक्रार करायची. दोन फोन बदलून झाले. शेवटी काकांनी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन डाव्या-उजव्या आवाजाचा काटा डावीकडे सरकवून दिला. बायको खूश. "घरातच कारागीर असल्यावर दुकानदाराला कोण विचारतो," असे ती शेजारणींना सांगायची आणि काकांची छाती फुगायची. दीड वर्षाने ती भिंत धरून चालू लागली, तेव्हा डॉक्टरांनी कानाच्या नसेवरची गाठ दाखवली. इतके दिवस काय करत होतात, असेही विचारले. पुढे बायको सहा महिनेच जगली.

"एकदा कान दाखवून घ्या," काका हळूच म्हणाले.

"काका, मला कान दाखवायचा नाही, हेडफोन घ्यायचाय." ती हसली.

मालकाने मान वर केली. मागे एका गिऱ्हाइकाला काकांनी असेच दवाखान्यात धाडले होते. कानात निघाला मळ आणि त्याने दुकानात येऊन तमाशा केला. पुन्हा डॉक्टरकी केलीत तर घरी बसा, असे मालकाने तेव्हाच बजावले होते.

काकांनी तिचा फोन घेतला. बोटांना वाट पाठ होती. त्यांनी काटा डावीकडे सरकवला.

"वा, आता बरोबर. आधीच का नाही केलंत?"

ती खोके घेऊन बाहेर पडली, तेव्हा तिचा डावा बूट काकांना दिसला. एका कडेने पार झिजलेला, तोल एकाच बाजूला जाणाऱ्याचा झिजतो तसा. ते दारापर्यंत धावले. ती रस्ता ओलांडायला उभी होती, डावी बाजू दुकानाकडे. काकांनी मोठ्याने हाक मारली. पलीकडच्या फुलवाल्याने वळून पाहिले, तिने नाही. मग गाड्या मध्ये आल्या आणि ती दिसेनाशी झाली.

बिलावर तिचे नाव नव्हते, नंबर नव्हता. त्या आठवड्यात काकांना अन्न गोड लागले नाही. एकदा चूक झाली तेव्हा काही कळत तरी नव्हते. आता कोणत्या तोंडाने तसे म्हणणार?

नवव्या दिवशी दुपारी ती आली. दारापासून काउंटरपर्यंत मिक्सरच्या फळीवरून हात फिरवत आली. बघणाऱ्याला वाटले असते, सहज फिरवतेय.

"काका, हाही बिघडला. काटा पार टोकाला नेला तरी डावीकडे काही नाही."

"पळणं चालू आहे?"

"चार दिवस बंद. तोल जातो. आमचे कोच सर म्हणतात, थकवा आहे."

"बदलून द्या आणि मोकळे व्हा," मालक म्हणाला.

काकांनी हेडफोन काचेवर ठेवला, काउंटरची फळी उचलली आणि ते बाहेर आले.

"याला काही झालेलं नाही, बाळ. बिघाड तुझ्या कानात आहे. मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी बोललो नाही. चल, आत्ताच दाखवू. मी येतो."

मुलीचा हात डाव्या कानाकडे गेला.

"आणि कोपऱ्यावर कोण बसणार?" मालकाने विचारले.

"बसवा कोणालाही," काका म्हणाले.

पायरीवर ती डगमगली. काकांनी तिचा हात धरला आणि बायकोबरोबर चालण्याच्या जुन्या सवयीने तिच्या उजव्या, ऐकू येणाऱ्या बाजूला येऊन ते चालू लागले.