प्रश्नाशिवाय चहा नाही

शाळेत शिकवत होते तेव्हा मुलं मला विचारायची, "बाई, विद्यापीठ म्हणजे काय?" मी सांगायचे, "अशी शाळा, जिथे मास्तरांनाही गृहपाठ असतो." मुलं खूश व्हायची. मास्तरांचा गृहपाठ तपासतं कोण, असंही एकाने लगेच विचारलं होतं.

मी जिथे शिकले ते विद्यापीठ दाखवायला त्या दिवशी मी माझ्या नातीला, चिंगीला, घेऊन गेले. तिला तिथे प्रवेश मिळाला होता आणि घराजवळच्या छोट्या कॉलेजातही. संध्याकाळपर्यंत दोघांपैकी एकाला होकार कळवायचा होता. तिचा ओढा घराजवळ होता.

"तिथे सगळे मला ओळखतात. इथे मी हरवून जाईन गं, आजी."

निघताना माझ्या लेकीने, म्हणजे तिच्या आईने, मला बाजूला घेतलं. "आई, दाखव खुशाल. पण तुझ्या आठवणी तिच्या गळ्यात मारू नकोस."

मी मान डोलावली. पण फाटकातून आत शिरलो आणि माझी जीभ काही ताब्यात राहिना. हे ग्रंथालय, याच्या तळघरात उन्हाळ्यातही शाल लागते. ती टेकडीवर वेधशाळा. पलीकडे रुग्णालय, तिथे शिकतातही आणि बरेही करतात. ही शेतं, गव्हाच्या ओळीओळीला पाटी लावलेली. ही कार्यशाळा, इथे आमच्या प्रयोगाच्या नळ्या काच फुंकून बनवत. आणि तो जुन्या भाषांचा विभाग, जगात आता कुणीच बोलत नाही अशा भाषेत तिथले दोन प्राध्यापक भांडायचे.

"आजी, हे विद्यापीठ आहे का अख्खं गाव?"

"गावच. आणि कुणा एका शेटजीचं नाही, लोकांचं. म्हणून तर आपल्याला कुणी अडवलं नाही."

"तुझी चाल बघून कुणाची हिंमत होणार?" चिंगी म्हणाली. पण ती मागे मागे चालत होती आणि प्रत्येक वळणावर फाटक कुठल्या दिशेला राहिलं ते बघत होती.

मला तिला दाखवायचा होता तो चहा. आमच्या वेळी दुपार कलली की प्रत्येक विभाग आपापल्या ओसरीवर चहा काढायचा. कुणीही कुणाच्याही चहाला जावं. बाहेरच्याला अट एकच, आधी प्रश्न विचारायचा, आणि त्याचं उत्तर विचारणाऱ्याला माहीत असता कामा नये. मी रसायनशास्त्राची, पण ग्रहताऱ्यांचं जे थोडंफार कळतं ते कपाबरोबर मिळालेलं. चिंगीचे आजोबाही तसेच मिळाले. ते भूशास्त्राचे, दगडवाले. साबणाला फेस का येतो, असं विचारत आमच्या ओसरीवर आले. पुढे त्यांना रोजच काही ना काही अडू लागलं. मैत्रिणी म्हणायच्या, "दगडाला पाझर फुटलाय बरं का."

रसायनशास्त्राच्या ओसरीला आता काचेचं दार लागलं होतं. चहाच्या टेबलाच्या जागी एक यंत्र उभं होतं. मी चहाचं बटण दाबलं, त्याने कॉफी दिली. येणारे जाणारे कप भरून घेत आणि एकमेकांकडे न बघता निघून जात. मी कप हातात धरून उभीच राहिले.

"असू दे, आजी. निघू या आपण," चिंगी म्हणाली. ती इतकं समजुतीने बोलली की मला जास्तच लागलं. तिचं ठरलं, असं मी मनात धरलं.

परतीची वाट मला तोंडपाठ होती, पण वाटेत नव्या इमारती उगवल्या होत्या. दोन वळणं चुकली आणि आम्ही एका बैठ्या इमारतीच्या मागच्या पायऱ्यांशी येऊन थांबलो. पायऱ्यांवर सातआठ जण कप घेऊन बसले होते. शेजारी काचेच्या पेट्या, पेट्यांत झुरळं आणि नाकतोडे. कीटकशास्त्र विभाग.

"फाटक कुठल्या बाजूला हो?" मी विचारलं.

एक पिकल्या मिशांचे प्राध्यापक म्हणाले, "उजवीकडे. पण हा प्रश्न धरत नाही, आमच्या पायऱ्यांवर उत्तर आम्हालाही येता कामा नये. दुसरा विचारा, मग चहा."

माझे डोळे भरून आले. मला एकही प्रश्न सुचेना. चिंगीने माझ्याकडे पाहिलं, मग पेट्यांकडे.

"मुंगी टेबलावरून पडली तर तिला काही होत नाही," ती अडखळत म्हणाली. "पण आपण पडलो, हे तिला कळतं का?"

"अगं, मुंगीचं वजन इतकं कमी असतं की हवा—" मी सुरू केलं.

"बाई, तुम्ही शिक्षिका दिसता," मिशावाले म्हणाले. "लागत का नाही, ते तिने विचारलेलं नाही. तुम्ही चहा घ्या."

चिंगी खुदकन हसली. पायऱ्यांवरचे मात्र कप खाली ठेवून पुढे सरकले.

"मिशांनी कळत असेल," एक मुलगी म्हणाली.

"मुंगीच्या की सरांच्या?"

"पडताना पाय ताणते का, ते बघितलंय कुणी?"

"मला माहीत नाही," मिशावाले म्हणाले, आणि चेहरा असा की जणू कुणी त्यांना खाऊ दिला. "ए, मुंग्या आणा. आणि भौतिकवाल्यांकडून तो वेगवान कॅमेरा मागून घ्या. म्हणावं, या, चहा आहे." मग चिंगीला म्हणाले, "मुंगी सोडणार कोण? ज्याचा प्रश्न, त्याचा हात."

चिमट्यात अलगद मुंगी धरून चिंगी स्टुलावर चढली. कुणी तिचं नाव विचारलं नव्हतं. "ए मुंगी, जरा डावीकडे," अशी हाक आली आणि ती निमूट डावीकडे सरकली.

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. तिने मानेनेच मला घ्यायला सांगितलं.

"आई, काय ठरलं तिचं?" माझ्या लेकीने विचारलं. "वेळ संपत आली. तू काही बोलली नाहीस ना?"

"मला बोलू देतंय कोण इथे," मी म्हणाले आणि फोन चिंगीच्या कानाशी धरला.

"आई, घराजवळच्या कॉलेजला नाही आणि इथे हो म्हणून कळवून टाक," ती हळू आवाजात म्हणाली, चिमट्यावरची नजर न हलवता. "आणि आता ठेव. हात हलला तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."