मुदत बाकी असलेला कागद

मी बोलतोय, पाकिटात बंद आहे तरी बोलतोय. अंगाने मी प्लास्टिकचा, पण देयानिराच्या माहेरगावी, मोकात, मला सगळे 'कागद'च म्हणतात. "देयानिराकडे कागद आहेत हो," असं बायका आवाज खाली आणून सांगायच्या, एखादीच्या गळ्यातल्या सोन्याबद्दल बोलावं तसं. अमेरिकेत कायम राहायची परवानगी म्हणजे मी. माझ्यावर देयानिराचा फोटो आहे आणि मुदत संपायला अजून चार वर्षं आहेत. या मुदतीनेच आमचा घात केला.

अमेरिकेत, लॉरेन्स गावात, देयानिरा इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. नवरा कधीचाच पसार झालेला. पदरात एक लेक, यारिमेल, तिथेच जन्मलेली. नागरिकत्वाची परीक्षा मात्र देयानिरा दर वर्षी पुढे ढकलायची, कारण इंग्रजीतून प्रश्न आला की तिची बोबडी वळायची.

एका फेब्रुवारीत मोकाहून फोन आला, आईला अर्धांगवायूचा झटका. दहा तारखेला आम्ही तिथे पोचलो. यारिमेल लॉरेन्सलाच, तिच्या बाप्तिस्म्याच्या धर्ममातेकडे राहिली. "महिन्याभरात येते," देयानिरा म्हणाली होती. पण आईचा जीव काही केल्या सुटेना. भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, यात महिने गेले. मी आईच्या कपाटात, टॉवेलांच्या घडीखाली पडून होतो.

पुढच्या फेब्रुवारीच्या चार तारखेला आई गेली. पाचला दफन झालं आणि संध्याकाळी नऊ दिवसांची प्रार्थना सुरू झाली. बैठकीत पांढऱ्या कापडाची वेदी मांडली, शेजारणी रोझरी म्हणायला आणि कॉफी प्यायला येऊ लागल्या.

आठ तारखेला यारिमेलचा फोन आला.

"आशीर्वाद दे, आई."

"देव तुझं भलं करो, बाळा."

"आई, मी इथल्या एका वकीलबाईंना विचारलं, त्या म्हणतात बाहेर वर्ष व्हायच्या आत परत ये. दहा तारखेच्या आत! कार्डावरची तारीख बघत बसू नकोस, ती वेगळी."

देयानिराने मला कपाटातून काढून उजेडात धरलं. मुदत वाचली. एकदा, दोनदा, तीनदा. मला बोलता आलं असतं तर ओरडून सांगितलं असतं, बाई, ही तारीख माझ्या आयुष्याची आहे, तुझ्या गैरहजेरीची नाही!

कासिल्दा मावशी दारातच उभी होती. "निघालीस? तुझ्या आईचा आत्मा अजून घरात आहे. नवव्या दिवशी वेदी उतरवायची ती पोटच्या लेकीने. का लोकांनी म्हणावं, अमेरिकावाली कॉफी पिऊन पळाली?"

"मावशी, माझे कागद जातील गं."

"चार वर्षं आहेत ना त्याच्यावर? मग चार दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

देयानिरा थांबली. तेराला तिने रडत रडत वेदी उतरवली आणि चौदाला विमान धरलं. मला तिचा राग आला नाही. कुठल्या लेकीने वेगळं केलं असतं?

बॉस्टनच्या विमानतळावर तिला आतल्या खोलीत बसवलं. अधिकारी स्पॅनिश बोलणारा होता, आवाजही मऊ होता. त्याने मला हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"किती दिवस बाहेर होतात?"

"एक वर्ष आणि चार दिवस. आई आजारी होती, साहेब. वारली."

"वाईट झालं. तुमचं घर कुठे आहे?"

"मोकाला," देयानिरा चटकन म्हणाली.

संपलं! अहो, आमची माणसं तीस वर्षं परदेशात घासली तरी घर म्हणून मोकाचंच नाव घेतात. लॉरेन्सला ती नुसती राहतात. हे त्या साहेबाला कोण सांगणार? त्याने उत्तर लिहून घेतलं आणि मला कायमचं सोडून दिल्याचा एक फॉर्म पुढे सरकवला.

"म्हणजे इथलं राहणं तुम्ही सोडलंत. इथे सही करा आणि संध्याकाळच्या विमानाने परत जा. उगाच त्रास नको."

तिने पेन घेतलं. सहीच्या रेघेवर टेकवलं. नको गं देया, नको! मी टेबलावर निपचित पडून आक्रोश करत होतो.

"सही केली तर माझी मुलगी?" तिने विचारलं.

"पर्यटक म्हणून अर्ज करा. मिळाला व्हिसा तर भेटाल."

"पर्यटक म्हणून? पोटच्या पोरीला?" तिने पेन खाली ठेवलं. "मी सही करत नाही. काय करायचं ते करा."

"मग न्यायाधीशापुढे जावं लागेल. तिथेही हरू शकता."

"हरेन. पण माझ्या हाताने नाही."

तिला तोवर राहायला शिक्क्याचा एक कागद आणि सुनावणीची तारीख मिळाली. मला त्यांनी पाकिटात घालून फाइलला टाचलं. ती बाहेर पडली तेव्हा दारापलीकडून "आई!" अशी हाक आली आणि दार लागलं. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही.

न्यायाधीशसाहेब, हे पाकीट तुम्ही उघडाल तेव्हा माझी एवढी विनवणी ऐका. तिला घर कुठे ते विचारू नका. ती पुन्हा मोकाच म्हणेल, खोटं बोलणं तिला जमत नाही. तिची लेक कुठे आहे, तेवढं विचारा.