बोंबल्याची रात्रपाळी

मी बोलायला लागलो की लोक खिडक्या लावून घेतात. सवय आहे मला. आत्ता इंजिनं बंद आहेत, तेव्हा सावकाश ऐका. मी एक जुनं मालवाहू विमान आहे. माल चढवणारे मला बोंबल्या म्हणतात, आणि खरं सांगतो, ते नाव मला आवडतं.

जन्मलो तेव्हा मी प्रवाशांचा होतो. शेपटीशी तीन इंजिनं. पहिल्यांदा उडालो तेव्हा कारखान्यातले कामगार कानांत बोटं घालून हसत उभे होते. त्या काळी आवाज म्हणजे ताकद. सोळा वर्षं मी माणसं नेली. उडताना सगळी गप्प होतात आणि उतरल्यावर, पट्टा सोडा म्हणायच्या आधीच, उभी राहतात. कुठल्याही विमानाला विचारा.

मग नवी, शांत विमानं आली. माझ्या खुर्च्या काढल्या, खिडक्या पत्र्यांनी बंद केल्या, डाव्या कुशीत मोठं दार कापलं. थोडं वाईट वाटलं. पण पहिल्याच रात्री औषधांची खोकी, यंत्रांचे सुटे भाग आणि कोंबडीची दोन हजार पिल्लं पोटात घेऊन निघालो. पिल्लांची चिवचिव मुक्कामापर्यंत थांबली नाही. माझ्याहून मोठ्यांदा बोलणारं कुणीतरी भेटलं म्हणून बरं वाटलं.

तेव्हापासून रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी उडायचं, हे माझं काम. माणसांची गंमत अशी, की पार्सल सकाळी दारात हवं आणि रात्री आकाशात कुणी नको.

माझी देखभाल एक मिस्त्री करतो. एकवीस वर्षं झाली. माझं मधलं इंजिन सुरू होताना आणि जोर धरताना बारीक कण्हतं, ते फक्त त्यालाच ऐकू येतं. मग इंजिनाच्या पत्र्यावर तळहात ठेवून तो म्हणतो, "चल राजा, उठ." त्याची बायको शहरात बस चालवते. तिची पहिली गाडी सव्वापाचची. हा सकाळी सहाला घरी पोचतो तेव्हा ती रस्त्यावर असते. दोघांची गाठ संध्याकाळी.

दोन वर्षांपूर्वी नियम आला. धावपट्टीपलीकडच्या पंपघराच्या गच्चीवर आवाज मोजणारा माईक बसवला. नव्वद डेसिबलच्या वर जाईल त्या विमानाची रात्रीची परवानगी रद्द. आणि रात्र गेली म्हणजे माझ्यासारख्याचं सगळंच गेलं.

मिस्त्रीने इंजिनांना आवाज दाबणारी आवरणं बसवली. तरी त्र्याण्णव. मग त्याने आणि कप्तानाने डोकं लढवलं. पंपघर जवळ आलं की जोर कमी करायचा, पंपघर मागे पडलं की वीस आकडे मोजायचे आणि पुन्हा पूर्ण जोर.

त्या रात्री आवाज भरला अठ्ठ्याऐंशी! मिस्त्रीने त्या आकड्याचा कागद माझ्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. माल चढवणारे मला चिडवायला लागले, "बोंबल्या, मौनव्रत घेतलंस काय रे?" मीही फुगलो होतो. विसावा आकडा कुणाच्या छपरावर पडतो, हे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही. मीही नाही. माझी नजर वर होती.

"आमच्या घरात नवीनच तक्रार," एकदा मिस्त्री कप्तानाला हसत सांगत होता. "ही म्हणते, तुमचं विमान हल्ली जास्त ओरडतं. म्हटलं, कागद दाखवू का?"

"दाखवा, दाखवा," कप्तान म्हणाला. "बायकोपुढे कागद टिकला तर मलाही एक प्रत द्या."

पुढे पावसाळी तापाने मिस्त्री दोन दिवस घरी राहिला. परत आला तेव्हा माझ्या पंखाखाली नुसताच उभा राहिला. इंजिनाला हात लावला नाही.

"उतरला ना ताप?" कप्तानाने विचारलं.

"उतरला. पण मी ऐकलं, साहेब."

"काय ऐकलं?"

"आपल्याला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा रात्री घरी झोपलो. कपाटातल्या बरण्या नाचायला लागल्या. मधल्या इंजिनाचं कण्हणं ओळखलं आणि कळलं, हा आपलाच. तुमचे वीस आमच्या गच्चीवर संपतात."

कप्तान पंखाखाली त्याच्याजवळ आला.

"ही अंथरुणात बसली होती. म्हणाली, झोपा तुम्ही, हा गेला की मला झोप लागत नाही, मी रोज अशीच बसते. परवा म्हणे सिग्नलला तिचा डोळा लागला. मागचे हॉर्न वाजवून थकले. गाडीत पन्नास माणसं होती, साहेब. आणि मी तिला कागद दाखवत होतो."

दुसऱ्या दिवशी त्याने विमानतळाच्या कचेरीत अर्ज दिला: माईक माझ्या गच्चीवर बसवा.

"मिस्त्री, आपल्याच पोटावर पाय देताय," कप्तान म्हणाला.

"बोंबल्या धडधाकट आहे, साहेब. त्याला चोरपावलांनी उडायची गरज नाही."

एकवीस वर्षांत माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं.

माईक बसला त्या रात्री कप्तानाने विचारलं, "आज वीस मोजू की नको?"

"नेहमीसारखंच मोजा. जे आहे ते दिसू दे."

सत्त्याण्णव. माझी रात्र गेली.

तीन आठवडे मी कुंपणाशी उभा होतो. भंगारवाले येऊन अंगावर टकटक करून गेले. मी घाबरलो नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण मिस्त्री रोज यायचा, चाकांत हवा भरायचा आणि कंपनीच्या साहेबांच्या खोलीबाहेर जाऊन बसायचा. रात्रीची पार्सलं नव्या विमानाला द्या, अवजड यंत्रं आणि पिल्लं दिवसा न्यायला बोंबल्या आहे, एवढं एकच तो सांगत राहिला. शेवटी साहेब कंटाळून हो म्हणाले.

आता मी सकाळी अकराला उडतो. मिस्त्रीची दिवसपाळी झाली. रात्री दोघं घरी असतात, आणि त्यांच्या बरण्या जागच्या जागी.

विमानतळाच्या भिंतीलगत बसचा रस्ता आहे. अकराच्या सुमाराला एक बस तिथल्या सिग्नलला थांबते आणि तिची चालक माझ्याकडे बघून दोनदा हॉर्न वाजवते. मिस्त्री हसतो, इंजिनावर तळहात ठेवतो, "चल राजा, उठ."

तुम्हाला एवढंच सांगतो: रात्री खुशाल झोपा. पण सकाळी अकराला खिडकी लावू नका. तिने हॉर्न दिला की मी उत्तर देतो, आणि ते मला हळू देता येत नाही.